नव्वदवाल्याचा हुकूम

आमच्या शेजारचे ज्ञानू हवालदार कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी एका नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याची परवानगी घेत. वांगी घ्यायची की दोडका, इथपासून दाढ काढायची की ठेवायची, इथपर्यंत. या म्हाताऱ्याला साताऱ्यात कोणीही पाहिलेले नव्हते, कारण तो अजून झालेला नव्हता. तो म्हणजे खुद्द हवालदारच. नव्वदाव्या वर्षी ते जसे असतील, तसे. त्याला ते 'नव्वदवाला' म्हणत आणि त्याच्याविषयी एखाद्या कडक पण न्यायी साहेबाविषयी बोलावे तसे बोलत.

पद्धत ठरलेली होती. त्यांच्या घरापुढे एक दगडी पायरी होती. साडेतीन फूट लांब, दोन माणसे सहज बसतील अशी. हवालदार तिच्या डाव्या टोकाला बसत. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. थोड्या वेळाने खाडकन उठत आणि म्हणत, "हुकूम आला." मग ती गोष्ट लगेच होई किंवा कायमची रद्द होई. मी मनगटावरच्या घड्याळाने पुष्कळदा मोजले आहे. तीन मिनिटे. कधी अडीच. तीनच्या वर कधीच नाही. आमच्या घरात झोपाळ्याची कडी कोणत्या तुळईला लावावी या प्रश्नावर दोन उन्हाळे गेले होते, म्हणून मला या तीन मिनिटांचे फार नवल वाटे.

मी मोजणी खात्यात आहे. शेतांच्या हद्दी मोजणे हे माझे काम. अर्धा हात इकडचा तिकडे झाला तर सख्खे भाऊ जन्मभर एकमेकांकडे पाणी पीत नाहीत, हे पाहिलेले असल्यामुळे मला वाढवून सांगायची सवय नाही. इथे जे आकडे देतो आहे ते खात्री करून देतो आहे.

आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो ते त्र्याहत्तर साली. पहिल्याच आठवड्यात समोरच्या मैदानात एक काटक म्हातारा तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलवरून पडताना दिसला. उठला, धोतर झटकले, पुन्हा चढला, पुन्हा पडला. मी धावत जाऊन सायकल धरली. ओळख झाली. इथे सगळे त्यांना तात्या म्हणतात असे कळले. दुसऱ्या पडण्यानंतर मी विचारले, "तात्या, या वयात सायकल?"

"कंच्या वयात?"

"त्र्याहत्तर म्हणालात ना?"

"ह्ये बगा मोजणीदार. म्या नव्वदवाल्याला इचारलं, सायकल शिकू का? त्येनं कपाळाला हात लावला. म्हनला, आरं गाढवा, त्र्याहत्तरला तू लय तरणा हुतास! तवाच शिकला असतास तर सतरा वर्सं चालवली असतीस. आता माजं गुडघं गेल्यावर इचारतुयास व्हय?"

मी मनात वजाबाकी केली. नव्वदातून त्र्याहत्तर गेले, सतरा. बरोबर होते.

"नव्वदच्या मानानं आपुन पोरं हाय, पोरं," असे म्हणून ते पोर पुन्हा सायकलवर चढले.

पंधरा दिवसांत त्यांना सायकल आली आणि त्यांनी एक जुनी विकतच घेतली. उतरायला मात्र आणखी महिना लागला. मधल्या काळात थांबायचे असेल तेव्हा ते ओळखीचा माणूस पाहून त्याच्या अंगावर सायकल घालत. एकदा पोवई नाक्यावर ओळखीचे कोणीच सापडले नाही, तेव्हा त्यांनी पोलिसाला मिठी मारली. पोलीस शिव्या घालणार तेवढ्यात सरळ उभे राहून त्याला कडक सॅल्यूट ठोकला. पोलिसाचाही हात सवयीने कपाळाला गेला आणि मग त्याला शिव्या देता येईनात.

त्यांची जन्माची नोकरी पायदळातली. दुसरी लढाई संपल्यावर पेन्शनीत आले. गाव पाटणच्या वरच्या अंगाला, पण राहायला साताऱ्यात. नव्वदवाला त्यांना केव्हापासून भेटू लागला हे नेमके ठाऊक नाही. पण तो नेहमी 'हो'च म्हणे असे मात्र नव्हे. विडी त्यानेच सोडवली. पलीकडच्या मास्तरांशी सांडपाण्यावरून भांडण जुंपले, तेव्हाही त्याचाच निकाल चालला. मास्तरांच्या न्हाणीचे पाणी हवालदारांच्या भिंतीशी साचत होते. मी साखळी काढून हद्द मोजून द्यायला तयार झालो. हवालदार म्हणाले, "दमा जरा," आणि पायरीवर बसले. अडीच मिनिटांत उठले.

"काय म्हणाला?"

"म्हनला, कंचं भांडण? कंचं पानी? कोन मास्तर? काय बी आठवत न्हाई गड्या!"

"मग?"

"मंग काय! जे नव्वदला आठवत न्हाई त्येच्यापायी आज रगात कशाला आटवायचं?" त्यांनी स्वतः फावडे घेऊन तासाभरात चर खणला, पाणी परड्याकडे वळवले आणि भांडण मिटले म्हणून मास्तरांकडे शेंगा घेऊन गेले. तिथे मात्र खरे बोलण्याच्या भरात "नव्वदवाल्याला तुमी आठवतच न्हाईसा" असे सांगून आले. मास्तर पुढे आठ दिवस बोलले नाहीत.

शिंप्याकडे त्यांनी नवा कोट टाकला तेव्हा मी बरोबर होतो. शिंपी ओळखीचा. म्हणाला, "तात्या, जुना उसवून पालटून देतो की. आता नवा कशाला?" हवालदारांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की त्याने मुकाट्याने टेप काढला. वर बजावले, "शिलाईत दोन बोटं माया सोड. फुडं अंगानं भरलो तर उसवाय यावा."

मला हे सगळे गमतीचे वाटे आणि पटतही नसे. म्हणून मी एक वर्षभर वहीत टिपण ठेवले. नव्वदवाल्याने दिलेले आणि मला कळलेले हुकूम एकेचाळीस. त्यांतले फसले सहा. पोलीस धरून. एक कोंबडी, जिने शेवटपर्यंत अंडे दिले नाही, तीही धरून. त्याच वर्षात मी स्वतः केलेल्या निर्णयांचा हिशेब लावायला बसलो आणि वही मिटली. निर्णयच सात होते. बाकी सगळे मी 'बघू' म्हणून ठेवून दिले होते.

तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि "आता आपलं काय वय राहिलंय" हे वाक्य माझ्या जिभेवर बसले होते. खात्याच्या परीक्षेचा अर्ज मी तेच वाक्य म्हणून दोनदा परत ठेवला होता. हवालदारांनी ते एकदा ऐकले.

"तुमचा नव्वदवाला कवा भेटला हुता?"

"मला नाही भेटत कोणी."

"भेटंल कसा? त्यो बिचारा दारात हुबा ऱ्हातो आन तुमी दार लावून 'वय झालं, वय झालं' करत बसताय." मग हळूच म्हणाले, "त्येला अजून त्रेचाळीस वर्सं हायती. चालत येतुया. निदान बसाय पाट तर ठिवा."

आता त्यांच्या वयाविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. हवालदारांना दोन वये होती. एक कागदाचे, एक हाडाचे. पहिल्या लढाईच्या शेवटी-शेवटी आमच्या भागात भरती जोरात होती. हे पंधरा वर्षांचे पोर भरतीला गेले. "छातीत बसलो, उंचीत बसलो, वयातच तेवढा बसंना. मंग आईच्या काजळानं मिसरूड काढलं आन सांगितलं, अठरा." त्या दिवशी ते तीन वर्षांनी मोठे झाले ते झालेच. पेन्शन, कागदपत्र, सगळीकडे मोठे. गावोगावच्या माजी सैनिकांत ही गोष्ट इतकी सर्रास आहे की वय विचारले की "कंचं सांगू?" असे ते उलट विचारतात. हवालदारांना आपले हाडाचे वय माहीत होते, पण छप्पन्न वर्षे कागदाचे सांगून सांगून त्यांनाच ते खरे वाटू लागले होते. सलाम बडी उमरला मिळतो, असे त्यांचे म्हणणे.

त्यांच्या पत्नी सगुणाकाकू. बुटक्या, हसऱ्या, बोलायला नवऱ्याच्या वरचढ. त्या मात्र पायरीवर कधी येत नसत. उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसत, कारण त्यांना पायरी दिसत नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी आलो की चपलेच्या आवाजावरून म्हणत, "या मोजणीदार. डावी चप्पल घासतिया तुमची." मी घरी जाऊन पाहिले, खरोखर डावी जास्त झिजली होती. तांदूळ त्या बोटांनी निवडत. भाकरी थापत, पण अलीकडे तव्याचा अंदाज चुकून दोनदा हात पोळला होता.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितले की मोतीबिंदू पिकला आहे, पावसाळ्यापूर्वी काढलेला बरा. जास्त राहिला तर आतल्या आत डोळा जाईल, मग काही करता येणार नाही. त्यांचा मुलगा वसंत कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. त्याने सांगलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात चौकशी केली आणि तिथला फॉर्म टपालाने पाठवला. फक्त काकूंनी 'हो' म्हणायचे होते.

काकू 'नाही' म्हणाल्या.

"सत्तर झाली माजी. मोतीबिंदू पिकला तशी मी बी पिकले. आता काय बघायचं ऱ्हायलंय? ह्येंचं तोंड बघून झालंय."

"आगं पर नव्वदवाला म्हनतुया..." हवालदार म्हणाले.

"त्यो तुमचा. तुमी जा की त्येच्याकडं. माजी नव्वदवाली न्हाई. मी तितवर पोचत न्हाई, मला ठावं हाय." हे त्या हसतच म्हणाल्या, पण ते निवडून ठेवलेल्या तांदळासारखे स्वच्छ होते. त्यात खडा नव्हता.

हवालदार बाहेर गेले. पायरीच्या डाव्या टोकाला बसले. मी आमच्या ओट्यावरून पाहत होतो. तीन मिनिटे झाली. पाच झाली. दहा झाली. माझ्या पत्नीने आतून दोनदा हाक मारली, मी उठलो नाही. पंचेचाळीस मिनिटांनी हवालदार उठले आणि 'हुकूम आला' न म्हणता घरात गेले. पाठ थोडी वाकली होती. तेव्हा पहिल्यांदा मला ते चौऱ्याहत्तर वर्षांचे वाटले.

दोन-तीन आठवडे असेच गेले. काकूंचे 'नाही' तसेच. आभाळात ढग जमायला लागले. एका रविवारी हवालदार फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. "भरून तर ठिवा. ती 'व्हय' म्हनली तर उशीर नगो." मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. नाव लिहिले, गाव लिहिले. पुढचा रकाना वयाचा.

"लिव्हा सत्तर," हवालदार म्हणाले.

"पुरावा?"

"पुरावा कसला? माजं चौऱ्याहत्तर. त्यातनं चार वजा."

"चार कशावरून?"

हवालदारांना खरे ते सांगावे लागले. लग्नानंतर पलटणीच्या कारकुनाने बायकोचे वय विचारले होते. हे म्हणाले, धाकटी हाय. तो म्हणाला, कितीने? हे म्हणाले, "लिव्हा चार." एवढाच त्या चाराचा आधार. आणि ते चारही कागदाच्या वयातून वजा केलेले, हाडाच्या नव्हे.

मी पेन खाली ठेवले. चुकीच्या आकड्यातून मोजून काढलेला आकडा मी कुठेही लिहीत नाही. ज्या शेताला नकाशा नसतो तिथे आम्ही गावातली एखादी अशी खूण शोधतो, जी दोन्ही बाजूंना मान्य आहे. एखादा दगड, विहीर, चिंच. आणि तिथून साखळी लावतो. मी काकूंना विचारले, "तुम्हाला आठवणारी सगळ्यात जुनी गोष्ट कोणती? जिचं साल लोकांना माहीत आहे अशी."

काकू तांदूळ निवडत होत्या. बोटे थांबली नाहीत. "मानमोडी," त्या म्हणाल्या.

मानमोडीची साथ आमच्या भागात कोणाला सांगावी लागत नाही. पहिली लढाई संपता संपता आलेला तो ताप. घरेच्या घरे गेली त्यात.

"माजी आई गेली मानमोडीत. तिला न्ह्यायला मानसं मिळंनात. सगळ्यांच्याच घरात कोन ना कोन आजारी. मी दारात बसले हुते. म्होरचा दात हलत हुता, त्यो त्येच दिवशी हातात आला. आई म्हनायची, पयला दात पडला की मला दे, छपरावर टाकू या, मंजी नवा चांगला येतो." बोटे आता थांबली होती. "म्या मुठीत धरून बसले. कुनाला देयाचा?"

मग मी, मला दुसरे काही येत नसल्यामुळे, विचारले, "पहिलाच दात?"

"पयलाच. खालचा."

माझ्या मुलीचा पहिला दात सहाव्या वर्षी पडला होता, मुलाचा सहा वर्षे चार महिन्यांनी. माझ्याकडे टिपलेले आहे. मी फॉर्मच्या पाठीवर गणित मांडले. मानमोडीला झाली छप्पन्न वर्षे. छप्पन्न आणि सहा.

"काकू, तुम्ही बासष्ट वर्षांच्या आहात."

"कोन?"

"तुम्ही. बासष्ट. फार तर त्रेसष्ट. सत्तर नाही."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले, मी पुन्हा बेरीज दाखवली. त्यांनी काजळाने काढलेले मिसरूड तीन वर्षांचे, कारकुनाला सांगितलेला 'चार' पाच वर्षांच्या चुकीचा. खरे अंतर नऊ वर्षांचे होते. दोन्ही मिळून बरोबर आठ वर्षे त्यांनी बायकोच्या अंगावर घातली होती.

काकूंना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, तांदळाचे सूप मांडीवर हलेपर्यंत हसल्या. "म्हंजी आठ वर्सं म्या फुकटची म्हातारी? आवं, तुमच्या त्या काजळापायी! काजळ तुमी लावलं आन केस माजं पिकलं!"

हवालदार खाली मान घालून बसले होते. तोफखान्यापुढे उभा राहिलेला माणूस, पण असा ओशाळलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

हसू ओसरल्यावर काकू माझ्याकडे वळल्या. म्हणजे माझ्या आवाजाकडे. "मोजणीदार, बासष्टातनं नव्वदाला किती ऱ्हायली?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस!" त्यांनी तो आकडा तांदळाचा दाणा बोटांत फिरवावा तसा पुन्हा म्हटला. "दोन-चार वर्सं असती तर बसले असते गप. अठ्ठावीस वर्सं आंधारात बसू व्हय?" आणि नवऱ्याकडे न वळता, "लिव्हा बासष्ट. आन एसटी कवाची हाय बगा."

मी बासष्ट लिहिले. हवालदार बाहेर गेले आणि काही कारण नसताना सायकल पुसत बसले. मी निघताना मला थांबवून म्हणाले, "मोजणीदार, तिची नव्वदी व्हईल तवा मी कितीचा?"

"हाडाचे नव्व्याण्णव."

"आन कागदाचा?"

"एकशे दोन."

ते बराच वेळ चाक फिरवत राहिले. "लांबचा पल्ला हाय," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी अजिंक्यताऱ्याच्या निम्म्या चढापर्यंत जात त्याऐवजी वरपर्यंत जाऊ लागले.

सांगलीला मीही गेलो. दोन दिवसांची रजा काढली. 'बघू' न म्हणता काढली. घरापासून स्टँडपर्यंत काकू सायकलच्या कॅरियरवर बसून आल्या. कॅरियरला पलटणीचे जुने ब्लँकेट घडी घालून बांधलेले. हवालदार सायकलवर बसले नव्हते, हाताने ढकलत होते. नवा कोट घातला होता आणि काकूंनी त्याची शिवण घट्ट धरली होती. मागून मी वळकटी घेऊन. नाक्यावरच्या पोलिसाने हवालदारांना ओळखले आणि सॅल्यूट येण्याच्या आतच रस्ता मोकळा करून दिला.

वसंत सांगलीला स्टँडवर आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना आत नेले. वसंत औषधे आणायला गेला. मी आणि हवालदार दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. त्यांनी डोळे मिटले नव्हते. दाराकडे बघत होते. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, "तात्या, त्या दिवशी पायरीवर पंचेचाळीस मिनिटं बसला होतात. नव्वदवाला एवढा वेळ काय सांगत होता?"

"मोजलीसा व्हय?"

"मोजली."

"आन दर येळी तीन मिंटं, ती बी मोजली असतील."

"हो."

"मोजणीदार, तीन मिंटांच्या वर मी त्येच्यापाशी कवा थांबलोच न्हाई. सांगू का? त्यो बसल्याला असतो आमच्याच पायरीवर. डाव्या अंगाला. मी समोर हुबा ऱ्हातो, इचारतो, हुकूम घेतो, निघतो. जास्ती थांबलं तर नजर त्येच्या शेजारी जाती. उजवीकडं. तितं कोन बसलंय का न्हाई ते बघायचं नव्हतं मला."

दवाखान्यात कुठेतरी भांडे पडल्याचा आवाज झाला. ते दचकले.

"इतकी वर्सं कवा बघितलं न्हाई. सायकल इचारली, कोट इचारला, दाढ इचारली. ती कुटं हाय, ते कवा इचारलं न्हाई. त्या दिशी ती म्हनली, मी तितवर पोचत न्हाई. तवा थांबलो. बघितलं."

"मग?"

"नुसती जागा हुती," हवालदार म्हणाले. "दुसरं काय न्हवतं."

मला आकड्यांशिवाय दिलासा देता येत नाही. आणि त्या वेळी माझ्याजवळ आकडा नव्हता. मी फक्त बाकावर जरा त्यांच्या बाजूला सरकलो.

एकाच डोळ्याचे ऑपरेशन झाले, ते नीट झाले. पण दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि आठ दिवस मान हलवायची नाही, खोकायचे नाही, हसायचे नाही. मी परत आलो. वसंतने मागाहून लिहिले की तात्या आईच्या उशाशी स्टुलावर बसून खिडकीतून जे दिसेल ते तिला सांगतात. कोण आले, कोणाची बैलगाडी अडली, कोणत्या डॉक्टरचे पोट सुटले आहे. त्यामुळे आईला हसू येते, आणि नर्सने तात्यांना दोनदा वॉर्डाबाहेर काढले.

पाऊस पुरता लागला तेव्हा ते परत आले. जाड भिंगाचा चष्मा आणखी सहा आठवड्यांनी मिळाला. तो घालून काकू घरी आल्या त्या दिवशी आम्ही सगळे जमलो होतो. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिले, मग तव्याकडे, मग माझ्या डाव्या चपलेकडे. शेवटी नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि पुष्कळ वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "तुमी लय म्हातारं झालासा की!"

"नव्व्याण्णवच्या मानानं..." हवालदारांनी सुरुवात केली आणि वाक्य सोडून तिचा वाकडा बसलेला चष्मा सरळ केला.

मी खात्याच्या परीक्षेला बसलो हे जाता जाता सांगून टाकतो. निकाल इथे महत्त्वाचा नाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी वांगी घेऊन बाई आली. हवालदारांच्या दारात टोपली उतरवली आणि म्हणाली, "काटेरी हायती, तात्या. किती घालू?" हवालदार नेहमीप्रमाणे "दमा जरा" म्हणून पायरीच्या डाव्या टोकाला बसले. हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. तेवढ्यात काकू उंबरा ओलांडून बाहेर आल्या, पायरी नीट बघून उतरल्या आणि उजव्या टोकाला बसल्या. नुसत्या रस्त्याकडे बघत बसल्या. बघायला पुष्कळ होते.

मी आमच्या ओट्यावर होतो. सवयीने घड्याळ पाहिले. तीन मिनिटे झाली. पाच झाली. हवालदारांची पाठ ताठ होती आणि चेहऱ्यावर घाई नव्हती.

अकरा मिनिटे झाली तेव्हाही ते तसेच बसलेले होते. वांगीवाली केव्हाच कंटाळून पुढच्या आळीला गेली होती.